सेडानमधून एसयूव्हीत: पार्किंगच्या मापापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत

नाशिककराला एसयूव्हीचं अप्रूप नवं नाही. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ सातपूरच्या कारखान्यात बनली, बोलेरो आणि थारही इथल्याच. तरीही दहा-पंधरा वर्षं डिझायर, सिटी, व्हर्ना नाहीतर सियाझ चालवलेला माणूस एसयूव्ही बघायला निघतो तेव्हा एकाच गोष्टीवर भाळतो, ती म्हणजे उंची. वर बसलं की रस्ता लांबवर दिसतो, बरं वाटतं, आणि सेल्समनला पुढे फार बोलावंच लागत नाही. घरी आल्यावर मात्र रोज गाठ पडते ती गाडीच्या रुंदीशी आणि वजनाशी. पार्किंग, टायर, ब्रेक, घाट, सगळीकडे हीच दोन मापं आडवी येतात. म्हणून आधी घरची मोजदाद, मग पैसे, मग टेस्ट ड्राइव्ह आणि ताबा, आणि शेवटी चालवणं, असा क्रम घेतला आहे. चालवण्याचा भाग मुद्दाम मोठा ठेवलाय, कारण त्याबद्दल शोरूममध्ये कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

ब्रोशर उघडण्याआधी हे काम करा. एसयूव्ही म्हणजे लांब गाडी, हा समज चुकीचा आहे. सिटी साडेचार मीटरच्या पुढे जाते, तर क्रेटा ४३३० मिलिमीटरमध्ये आटपते. लांबीत तुमची जुनी सेडानच मोठी असू शकते. फरक पडतो आडव्या मापात. सेडान साधारण १७५० मिलिमीटर रुंद, क्रेटा १७९०, स्कॉर्पिओ-एन १९१७ आणि हॅरियर १९२२. यात आरसे धरलेले नसतात.

सोसायटीच्या नकाशात मोटारीची जागा सहसा अडीच बाय पाच मीटरची असते. त्यात १९२० मिलिमीटरची गाडी बरोबर मध्ये लावली, तरी दोन्ही बाजू मिळून ५८ सेंटिमीटर उरतात, म्हणजे एका बाजूला वीत-सव्वा वीत. त्यात एका बाजूला कॉलम असेल तर ड्रायव्हरने उतरायचं कसं? इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोडच्या जुन्या इमारतींत स्टिल्टचे कॉलम अशाच जागी आलेले असतात. टेप लावा, खडूने गाडीच्या मापाचा चौकोन जमिनीवर आखा आणि शेजाऱ्याची गाडी उभी असताना आखा. रिकाम्या पार्किंगमध्ये कोणतीही गाडी बसते.

नव्या टॉवरमध्ये यांत्रिक पार्किंग असेल तर उंची आणि वजन या दोन्हींची मर्यादा त्या यंत्रावरच लिहिलेली असते. ती मर्यादा सेडानच्या हिशेबाने ठेवलेली असेल, तर १८५७ मिलिमीटर उंचीची स्कॉर्पिओ-एन तिथे जाणारच नाही. वॉचमनला विचारून भागणार नाही, कमिटीकडून लेखी घ्या. गाडी दारात आल्यावर जागेची अदलाबदल कोणी करून देत नाही.

घरातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस

पाच सीट की सात, हा वाद घराघरात होतो. माझं मत स्पष्ट आहे: महिन्यातून दोनदा तरी सहा-सात जण एकत्र जात नसाल, तर सात सीटच्या फंदात पडू नका. तिसरी रांग उघडली की बहुतेक मधल्या गाड्यांत सामानाची जागा दोन पिशव्यांपुरती उरते. वणीला निघालेलं कुटुंब आत मावलं, तरी बॅगा कुठे ठेवणार? आणि घेतलीच सात सीटची, तर शोरूममध्ये तिसऱ्या रांगेत स्वतः दहा मिनिटं बसा. गुडघे छातीशी आले तर ती रांग मुलांसाठी आहे, हे समजून चाला.

घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांना शोरूमला नेल्याशिवाय बुकिंग करू नका. इथे दोन उलटे प्रश्न असतात. सेडानमध्ये बसताना खाली जावं लागतं आणि उठताना गुडघा बोलतो. एसयूव्हीत उठणं सोपं होतं पण चढणं अवघड. कमरेच्या उंचीला येणारी सीट सगळ्यात सोयीची, माणूस नुसता सरकून आत बसतो. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या उंच गाड्यांत मात्र आधी पाय वर टाकावा लागतो. आमच्या आईने शोरूममध्ये एका हाताने साडीच्या निऱ्या वर धरल्या, दुसरा हात दाराकडे नेला आणि विचारलं, "दादा, धरायला कुठंय?" त्या गाडीत समोरच्या सीटला हँडल होतं, मागच्या दाराच्या खांबाला नव्हतं. हे ब्रोशरमध्ये सापडत नाही. बाजूची पायरी नंतर बसवता येते, पण अरुंद पायरीवर चप्पल घसरते आणि पावसाळ्यात तिचा सगळा चिखल साडीला लागतो. रुंद, रबर लावलेली असेल तरच उपयोग.

लहान मूल असेल तर आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे हुक नुसते 'आहेत' एवढ्यावर समाधान मानू नका. तुमची चाइल्ड सीट सोबत न्या आणि बसवून बघा. त्याच फेरीत भारत एनकॅप या धडक-चाचणीतले स्टारही तपासा. ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, पण ऐच्छिक आहे, त्यामुळे प्रत्येक गाडीची झालेली नसते. प्रौढांच्या आणि मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे दिलेले असतात. जाहिरातीत ठळक असतो तो आकडा कोणता, ते बघून घ्या.

इंधन: घाट बघून नव्हे, रोजचा रस्ता बघून

आजच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारं फिल्टर असतं, त्याला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळायला गाडी मधूनमधून पंधरा-वीस मिनिटं हायवेच्या वेगाने चालावी लागते. कॉलेज रोडवरून सातपूर, संध्याकाळी परत, मध्ये मुलांचा क्लास, असा पाच-सात किलोमीटरचा दिनक्रम असेल तर तो फिल्टर तुंबत जातो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. दर आठवड्याला मुंबई, पुणे नाहीतर धुळे असेल तर डिझेलसारखं सुख नाही.

हिशेब असा करा. समजा डिझेल मॉडेल टॅक्ससकट १ लाख ८० हजारांनी महाग आहे आणि किलोमीटरमागे ३ रुपये वाचतात. म्हणजे ६० हजार किलोमीटर झाल्यावर पैसे फिटले. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पाच वर्षं लागतील. तुमचे आकडे घालून बघा, उत्तर लगेच मिळतं.

सीएनजीचं गणित किलोमीटरला छान दिसतं, पण टाकी डिकीत बसते आणि पंपावरची रांग तुमच्या वेळापत्रकात बसवावी लागते. काही गाड्यांत दोन लहान टाक्या खाली दडवून डिकी वाचवलेली असते. घ्यायचीच तर तशी बघा.

ऑटोमॅटिकचं म्हणाल तर द्वारका आणि मुंबई नाक्यावर रोज अडकणाऱ्याने नक्की घ्यावी. जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टर गिअरपेटी घाटात आणि रांगेत निवांत चालते. ड्युअल क्लच पेट्या वेगवान असतात, पण चढावर इंच इंच सरकताना तापतात. तिथे पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्यावं आणि मग एकदम हलावं. आणि फोर बाय फोरचा हट्ट? त्र्यंबक, भंडारदरा, वणी, सापुतारा, सगळीकडे डांबरी रस्ता आहे. शेतात चिखलातून बंगल्यावर जात असाल तर घ्या, नाहीतर ते पैसे चांगल्या टायरला आणि जादा एअरबॅगला लावा.

पैसे: कोटेशन ओळीओळीने वाचा

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले आणि चार मीटरच्या रेषेला सोन्याचं मोल आलं. चार मीटरच्या आत लांबी, आणि पेट्रोल इंजिन १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के. यातली एक अट जरी मोडली तर ४० टक्के. ब्रेझासारखी गाडी ३९९५ मिलिमीटरवर थांबते, पण तिचं पेट्रोल इंजिन १५०० सीसीचं आहे, म्हणून ती ४० मध्ये जाते. नेक्सॉन किंवा थ्रीएक्सओ दोन्ही अटी पाळतात. विजेवरच्या गाडीला ५ टक्के.

त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. व्यक्तीच्या नावावर पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२, त्यापुढे 'तेरा'. डिझेलला याच टप्प्यांत १३, १४, १५. गंमत अशी, की टप्पा ओलांडला की वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या किमतीवर वाढीव दर लागतो. १९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीला २ लाख ३८ हजार ८०० टॅक्स. २० लाख १० हजारांच्या गाडीला २ लाख ६१ हजार ३००. गाडी वीस हजारांनी महाग, टॅक्स साडेबावीस हजारांनी जास्त. व्हेरियंट ठरवताना रेषेच्या जवळपास असाल तर हे आधी मांडा. अंबड-सातपूरच्या कारखानदारांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्स थेट २० टक्के. घसाऱ्याचा फायदा आणि हा फरक सीएकडून समोरासमोर मांडून घ्या.

१० लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. हा खर्च नाही, तुमच्या नावावर भरलेला प्राप्तिकर आहे, रिटर्नमध्ये वळता होतो. पावतीवर पॅन बरोबर आहे ना तेवढं बघा.

विमा हा सगळ्यात जास्त डोळेझाक होणारा भाग. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनावर ठरतो आणि १५०० सीसीच्या वर तो दुपटीहून जास्त होतो. शोरूमचाच विमा घ्यावा असं कुठलंही बंधन नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा आणि समोर ठेवा, आकडा लगेच खाली येतो. आणि जुन्या सेडानचा नो क्लेम बोनस सोडू नका. पाच वर्षं क्लेम न केलेल्याला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. ही सूट गाडीची नसते, तुमची असते. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. एक्स्चेंजच्या गडबडीत 'इन्शुरन्स आम्ही लावून देतो सर' म्हणत हा बोनस गाळला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुनी गाडी एक्स्चेंजला द्या नाहीतर बाहेर विका, आरसीवरचं नाव बदललं का हे स्वतः परिवहन पोर्टलवर पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चावी दिली, म्हणजे काम संपलं असं नाही. नाव बदलेपर्यंत त्या गाडीचं चलन तुमच्या मोबाइलवर येतं, अपघात झाला तर पोलीसही तुमच्याच दारात येतात.

कोटेशनमध्ये 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'एसेन्शियल किट' अशा ओळी दिसतील. प्रत्येक ओळीसमोर काय मिळणार, हे लेखी मागा. उत्तर नसेल तर ओळ काढायला सांगा. अॅक्सेसरीत मडफ्लॅप, चांगले मॅट आणि डॅशकॅम एवढं पुरे. पुढचा लोखंडी गार्ड बेकायदेशीर आहे, शिवाय धडकेचा जोर सेन्सरपर्यंत पोचण्याचा हिशेबच तो बिघडवतो. काळी फिल्मही नको.

खरेदीची वेळ म्हणाल तर, दसरा-पाडव्याला घासाघीस होत नाही. ज्यांना पितृपक्षाचं काही वाटत नाही त्यांनी त्या पंधरवड्यात शोरूमला जावं. सेल्समन स्वतःहून चहा मागवतो. बोलणी तेव्हा, ताबा घटस्थापनेला, असंही अनेक जण करतात. डिसेंबरची सूट घेणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की विकताना गाडी एक वर्ष जुनी धरली जाते.

टेस्ट ड्राइव्ह आणि ताबा

शोरूमचा ठरलेला रस्ता म्हणजे हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक गुळगुळीत फेरी. ती नाकारा. घरचे चार जण बसवा, एसी लावा आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर न्या. उड्डाणपुलावरची चढण, एखादा खडबडीत पट्टा, मॉलच्या बेसमेंटचा रॅम्प, आणि तुमच्या सोसायटीचं गेट. हो, गाडी घरी न्या आणि खडूने आखलेल्या चौकोनात लावून बघा. मागच्या सीटवर स्वतः बसून स्पीडब्रेकरवरून जा. पुढे बसून गाडी मऊ वाटते, मागे डोकं हलतं ते तेव्हाच कळतं. सनरूफवाल्या व्हेरियंटमध्ये डोक्यावरची जागा दोन-तीन बोटं कमी होते. उंच माणसाने तेच व्हेरियंट बसून पाहावं.

ताब्याआधीची तपासणी यार्डात, दिवसाउजेडी, आणि रजिस्ट्रेशन होण्याआधी करा. नंबर पडला की गाडी तुमची, मग ओरखडा निघाला तर पॉलिश मिळतं, दुसरी गाडी मिळत नाही. चासी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. बऱ्याच कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं असतं, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिना फॉर्म २२ वर छापलेला असतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीही. सगळ्या काचांवरची खूण सारखी आहे का ते पाहा. एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा. दाराच्या रबराखाली बोट फिरवा, रंगाची धार लागली तर पॅनेल पुन्हा रंगवलेलं आहे. मॅटखाली हात घालून ओल तपासा. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरपा धरला की गोल गोल पॉलिशच्या खुणा दिसतात. पावसात उभ्या असलेल्या गाडीची तपासणी करूच नका, पाणी सगळे दोष झाकतं.

दसऱ्याच्या सकाळी एकेका शोरूममधून गाड्यांची रांग निघते. त्या दिवशी कुणाला तुमच्या टायरचे आकडे वाचायला वेळ नसतो. तपासणी तीन-चार दिवस आधी उरका, मुहूर्ताला फक्त हार घालून नवश्या गणपतीला न्या. पसंतीचा एमएच १५ नंबर हवा असेल तर तो ऑनलाइन घेता येतो, पण बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.

चालवणं: पहिले पंधरा दिवस

बसण्यापासून सुरुवात करा. सेडानमध्ये आपण पाय लांब करून मागे रेलतो. इथे सीट थोडी सरळ आणि उंच ठेवा, पण इतकीही नाही की पेडलवर टाच टेकणार नाही. आरसे गाडीची कड जेमतेम दिसेल इतके बाहेर वळवा. समोरच्या काचेचा खांब इथे जाड असतो; गोल चौकात वळताना त्यामागे अख्खी स्कूटर लपते. त्र्यंबक नाक्यासारख्या ठिकाणी वळण्याआधी मान पुढे-मागे हलवून खांबामागे बघायची सवय लावा.

रुंदीचा अंदाज यायला एक सोपा उपाय. रिकाम्या रस्त्यावर डावं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीवर आणून थांबा. आपल्या जागेवरून ती पट्टी बॉनेटला नाहीतर काचेच्या खालच्या कडेला कुठे भिडते ते बघा आणि तिथे काचेवर आतून छोटी टिकली लावा. पुढे ती टिकली रस्त्याच्या कडेवर धरली की डावं चाक कुठे आहे ते कळतं. आठवड्याभरात टिकली लागत नाही. औद्योगिक वसाहतीतले रस्ते साप्ताहिक सुट्टीला रिकामे असतात, ते या सरावाला उत्तम. मेन रोड, सराफ बाजार, रविवार कारंजा इकडे पहिले पंधरा दिवस गाडी नेऊच नका. नंतरही शक्यतो नेऊ नका, तिथे स्कूटरच बरी.

दुसरा प्रयोग घरच्यांना दाखवण्यासारखा आहे. पार्किंगमध्ये गाडीसमोर बंपरला चिकटून बादली ठेवा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि कुणाला तरी ती बादली हळूहळू पुढे सरकवायला सांगा. जिथे ती पहिल्यांदा दिसेल तिथपर्यंतचा सगळा भाग तुमच्यासाठी आंधळा आहे. उंच बॉनेटच्या गाडीत हे अंतर बघून माणूस गप्प होतो. मागे कॅमेरा असतो, पुढे बहुतेक गाड्यांत नसतो. सोसायटीत मुलं खेळत असताना गाडी काढण्याआधी एक फेरी मारायची, याला पर्याय नाही.

वळताना मागचं आतलं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं. सेडानमध्येही जातं, पण इथे दोन्ही बाजूंनी जागाच कमी उरते, म्हणून गेटच्या खांबाला मागचं दार घासतं. थोडं पुढे जाऊन मग स्टिअरिंग फिरवा.

आता वेग. उंचावरून रस्ता सावकाश सरकल्यासारखा वाटतो. तुम्ही ८० ला आहात असं वाटतं आणि काटा ९५ वर असतो. पहिला महिना डोळ्यांवर नव्हे, काट्यावर विश्वास ठेवा. गाडी उंच म्हणजे तिचा गुरुत्वमध्यही वर. फ्लायओव्हर उतरून सर्व्हिस रोडला वळताना सेडान ज्या वेगाला चिकटून जायची, त्या वेगाला ही बाजूला झुकते. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. समोर अचानक कुत्रं आलं तर सरळ ब्रेक दाबा, स्टिअरिंगला हिसका देऊ नका. सरळ रेषेत ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस तुम्हाला सांभाळून घेतं, उंच गाडीला दिलेला हिसका कुणी सांभाळत नाही.

घाट, पाऊस, समृद्धी

सिटीसारखी सेडान साधारण ११०० किलोची, हॅरियर किंवा स्कॉर्पिओ-एनच्या वर्गातली गाडी पावणेदोन टनांच्या घरात. कंपनी ब्रेकही त्या मानाने मोठे देते, त्यामुळे सपाटीवर फरक जाणवत नाही. जाणवतो तो उतारावर. कसारा उतरताना किंवा सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे येताना पाय सतत ब्रेकवर ठेवला की डिस्क तापतात, जळका वास येतो आणि पेडल खोल जायला लागतं. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा पॅडल याच कामासाठी दिलेले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला अडकवा आणि ब्रेक मारायचा तो ठाम, थोडा वेळ, मग सोडून द्यायचा. न्यूट्रलवर उतरणं म्हणजे वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा दवाखान्याचं बिल मोठं.

पावसाळ्यात इगतपुरीला दहा फुटांवरचं दिसत नाही. लो बीम आणि फॉग लॅम्प लावा. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावायची आपल्याकडची सवय घातक आहे, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. हाय बीम धुक्यावर आपटून परत तुमच्याच डोळ्यांत येतो.

एसयूव्हीचे दिवे समोरच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. स्टिअरिंगच्या उजवीकडे शून्य ते तीन आकड्यांचं छोटं चाक असतं, बहुतेकांनी ते कधी फिरवलेलंच नसतं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं. तेव्हा ते चाक एक-दोन आकड्यांनी वाढवा, प्रकाश खाली येतो.

पाण्याबाबत: गाडी उंच आहे म्हणून ती होडी होत नाही. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, एकसारख्या वेगाने जा. त्याहून वर असेल तर मागे फिरा. मध्येच बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन प्रोटेक्टचं कलम नसेल तर विमा हात वर करतो. आणि गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल त्या दिवशी गाडी गोदाघाटावर लावू नका. घाटावरच्या, पुराचं माप मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागेपर्यंत वाट बघणारे दरवर्षी असतात.

समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे आणि जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला आहे. तिथे दोन गोष्टी पाळा. टायरमधली हवा थंड असताना भरा आणि ती दारावरच्या चिकटपट्टीप्रमाणे भरा, भरलेल्या गाडीचा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो. पंपावरचा पोरगा सरसकट ३५ मारतो. दुसरं, दीड तासाने थांबा. सरळ काँक्रीटवर डोळे उघडे ठेवून झोप लागते. नवी गाडी पहिल्या हजार किलोमीटरमध्ये तिथे एकाच वेगाला लावून ठेवणंही बरं नाही, इंजिनला वेग कमी-जास्त होत राहिलेला मानवतो. लेन धरून ठेवणारी आणि पुढच्या गाडीशी अंतर राखणारी यंत्रणा समृद्धीवर कामाची, घाटात आणि शहरात मात्र बंद ठेवलेली बरी. पट्ट्या पुसलेल्या असतात आणि बाजूने मोटारसायकल घुसली की गाडी भलत्या जागी ब्रेक मारते.

श्रावणातला तिसरा सोमवार त्र्यंबकला आणि नवरात्र गडावर, खासगी गाड्या खालीच थांबवतात. नवी एसयूव्ही असली तरी तिथे एसटीच.

महिन्याभरात उरकायचं

पहिल्या सर्व्हिसला नट-बोल्टचे आवाज, वायपरची कुरकुर, दाराचा न जुळलेला गॅप, सगळं कागदावर लिहून न्या आणि जॉबकार्डवर चढवून घ्या. तोंडी सांगितलेलं वॉरंटीत मोजलं जात नाही. सनरूफ असेल तर पावसाळ्याआधी त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या साफ करून घ्या. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या छतातून पाणी गळतं ते याच कारणाने.

नव्या गाडीला नवा फास्टॅग येतो. मुंबईला वारंवार जाणाऱ्याने वार्षिक पास बघावा. ऑगस्ट २०२५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा २०० फेऱ्यांना ३००० रुपये होता. तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो, समृद्धीवर नाही. आणि विकलेल्या सेडानचा जुना फास्टॅग बँकेच्या अॅपमधून बंद करा. तो काढून न घेता गाडी दिली असेल, तर नव्या मालकाचा प्रत्येक टोल तुमच्या खात्यातून जात राहतो.